लेबलावरचं नाव

मयूर विहार, दिल्ली
२७ ऑगस्ट २०२३

चि. प्रभा,

सलाम.

तुझा कागद आईने आज चर्चहून येताना आणला. तू उपासनेला आली होतीस, मागच्या बाकावर बसलीस आणि शेवटचं गीत सुरू होताच निघून गेलीस, हे मला घरी आल्यावर कळलं. मी पुढे होतो. मागे वळून बघायची मला सवय नाही.

तू आईला म्हणालीस, बाबांना काही म्हणायचं असेल तर लिहून द्यायला सांग, ओरडून नको. म्हणून लिहितो आहे. सोपं लिहायचा प्रयत्न करतो. तरी एखादा शब्द अडला तर आईला विचार.

कागद तीनदा वाचला. इंग्रजी चांगलं आहे, कोणी वकिलाने केलेलं दिसतं. दिवंगत शांताराम साळवे यांनी रचलेलं गीत 'चौथी मंज़िल' या बँडच्या पहिल्या रेकॉर्डमध्ये घ्यायला मुलगा आणि वारस म्हणून माझी हरकत नाही, अशा अर्थाचा. खाली माझ्या सहीची जागा. ३० सप्टेंबरच्या आत पाहिजे, नाहीतर ते गाणं वगळून रेकॉर्ड छापायला जाईल. आईने सांगितलं की आठ गाण्यांतलं हे शेवटचं आहे, आणि तुम्ही चौघं म्हणता की हे नसेल तर बाकी सात कशासाठी केली तेच कळणार नाही.

मी सही करणार नाही.

रागाने लिहीत नाही. दीड वर्षापूर्वी, उपवासकाळात, हौज खासच्या त्या बारमध्ये मी आलो आणि सगळ्यांसमोर जे बोललो, त्याचा स्वर चुकला. ते मान्य आहे. तुझ्या मित्राच्या गिटारची वायर ओढायला नको होती. पण म्हणणं तेच आहे. ते गीत गावच्या चर्चसाठी झालं. आमच्याकडे ते नाताळच्या आदल्या संध्याकाळी म्हणतात, माणूस पुरताना म्हणतात. लोकांच्या हातात ग्लास असताना म्हणायचं ते गाणं नाही. तेव्हा मी म्हणालो होतो, "माझ्या बापाचं गाणं इथे म्हणायचं नाही." त्यानंतर तू घरी आली नाहीस, कपडे मुनिरक्याच्या तुझ्या खोलीवर आणून द्यायला आईला सांगितलंस.

ते एक गाणं काढून टाक. बाकीची सात तुमची आहेत, त्यांना प्रभूचा आशीर्वाद असो.

आजी बरी आहे. गुडघे दुखतात. तू काय खातेस असं रोज विचारते आणि आईने काहीही उत्तर दिलं तरी "खोटं" म्हणते.

बाबा


मयूर विहार
३ सप्टेंबर

चि. प्रभा,

सलाम.

तुझा तो ड्रमवाला गुरजोत काल दुपारी आला. न सांगता आला, पण नम्र आहे. खांद्यावर बॅग, हातात एक लहान सुटकेस. मला वाटलं हा राहायलाच आला. सुटकेस उघडली तर आत रेकॉर्ड वाजवायचं यंत्र. म्हणाला, "अंकल, प्रभा ने नहीं भेजा। उसे पता भी नहीं है। आप बस एक बार सुन लो, फिर साइन मत करना।"

एवढं सरळ बोलल्यावर माणसाला दारातून कसं परत पाठवणार?

आजी तिच्या खोलीतून काठी टेकत बाहेर आली. तिचं हिंदी तुला ठाऊक आहे.

"तू क्या बजाता है?"

"ड्रम, बीजी।"

"पोट भरता है उससे?"

"मेरी मम्मी भी यही पूछती है, बीजी।"

"फिर क्या बोलता है तू मम्मी को?"

"बोलता हूँ, पराँठे बना दो।"

आजी एवढी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मग तिने आईला आत पिटाळलं, आणि त्या मुलाने बसल्या बैठकीला सहा पोळ्या खाल्ल्या.

त्याने रेकॉर्ड काढली. मला वाटलं होतं वर तुमचा फोटो, नाव, काहीतरी असेल. मध्ये नुसता पांढरा गोल कागद. मी विचारलं, कोरं का? तो म्हणाला, ही चाचणीची आहे. अशा पाचच केल्या आहेत. ही ऐकून हो म्हटलं की मग बाकीच्या छापतात. मी म्हटलं, म्हणजे नाव नंतर चिकटवणार.

"चिपकाते नहीं, अंकल। लेबल गरम माल के साथ ही दबता है। एक बार दब गया तो रब भी नहीं निकाल सकता।"

हे मला माहीत नव्हतं. मी तो पांढरा गोल हातात धरून बराच वेळ पाहिला. खरंच, कडेला नखही शिरत नाही.

मग त्याने सुई शेवटच्या गाण्यावर ठेवली.

सुरुवातीला पाऊस पडल्यासारखा नुसता खरखराट होता. मग तुझा आवाज, बाकी काही नाही.

दिवा ठेविला दारी प्रभू
वारा सोडू नको

ढोल खूप उशिरा येतो. मी वाट बघत होतो की आता धांगडधिंगा सुरू होईल आणि मला उठून जाता येईल. तो झालाच नाही. गुरजोत मान खाली घालून बसला होता. तीन कडवी झाली. मला वाटलं संपलं. मग तू चौथं म्हटलंस.

एकोणीस दिसांची पाहुणी
तिला एकली ठेवू नको
अंगडं तिचं आखूड प्रभू
उघड्यावर निजवू नको

आजी म्हणाली, "पुन्हा लाव." पुन्हा लावलं. तिने डोळे मिटले नाहीत, हात जोडले नाहीत. यंत्राकडे एकटक बघत होती, दूध उतू जाईल म्हणून बघावं तशी. संपल्यावर एवढंच म्हणाली, "हिने सगळं म्हटलं."

गाणं चांगलं झालं आहे. मी खोटं लिहिणार नाही. पण गावच्या चर्चच्या गीतांच्या पुस्तकात या गीताची तीनच कडवी आहेत, चौथं नाही. जे पुस्तकात नाही ते शांताराम मास्तरांच्या नावावर छापणं योग्य नाही. माझ्या नकाराला हे आणखी एक कारण समज.

गुरजोत यंत्र इथेच ठेवून गेला. "बीजी सुनेंगी," म्हणाला. आजी काल संध्याकाळपासून आईकडून ते लावून घेते आहे. सुई धरायला आई घाबरते.

बाबा


१० सप्टेंबर

चि. प्रभा,

सलाम.

तुझा निरोप आईने जसाच्या तसा सांगितला: "बाबांना सांग, चौथं कडवं मी बनवलं नाही. आजीने मला शिकवलं, लहानपणी दुपारी झोपवताना. पुस्तकात का नाही ते त्यांनी शोधावं." सांगून झाल्यावर आईने स्वतःचंही एक जोडलं, "आणि मला पोस्टमन करून ठेवलंय दोघांनी. मी पगार मागणार आहे."

शोधण्यासारखं काही नाही. पुस्तकात का नाही ते मला ठाऊक आहे. ते पुस्तकासाठी उतरवून घेणारा मीच होतो.

१९८६ साली आमच्या गावच्या चर्चला पंच्याहत्तर वर्षं झाली. मी बारा वर्षांचा होतो. मंडळीने ठरवलं की आपल्याच लोकांनी केलेली गीतं गोळा करून छोटं पुस्तक छापायचं. माझं अक्षर शाळेत सगळ्यांत चांगलं, आणि मी मास्तरांचा मुलगा, म्हणून काम माझ्याकडे आलं. मी वही घेऊन घरोघर जायचो. माणूस गायचा, मी लिहायचो. खाली 'रचना' म्हणून नाव लिहायचो. असं करत एका संध्याकाळी आमच्याच घरी बसलो.

गाणं आजी म्हणत होती.

हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले.

मी सात वर्षांचा असताना मला एक बहीण झाली होती. एकोणीस दिवस जगली. बाप्तिस्मा व्हायच्या आधी गेली, म्हणून तिचं नाव कुठल्या वहीत नाही. मला तिचं काही आठवत नाही. एवढंच आठवतं की त्यानंतर आजी धान्य निवडताना, पाणी भरताना तेच एक गाणं म्हणायची, आणि दर वेळी त्यात थोडी भर पडायची. तिला तेव्हा लिहिता-वाचता येत नव्हतं. मास्तर पेटीवर सूर धरायचे. पुढे त्यांनी ते चर्चमध्ये बसवलं, लोकांना आवडलं, आणि लोक त्याला मास्तरांचं गाणं म्हणू लागले. चौथं कडवं त्यांनी चर्चमध्ये कधी घेतलं नाही. म्हणायचे, सगळ्यांनी मिळून म्हणायचं गीत आहे, त्यात आपल्या घरचं नको.

त्या संध्याकाळी मी तीन कडवी लिहिली आणि 'रचना' पर्यंत आलो. मास्तर समोर पेटी पुसत होते. आजी चुलीपाशी होती. मी लिहिलं: श्री. शांताराम मास्तर साळवे. लिहिताना मोठ्याने म्हणालो. मास्तरांचा हात थांबला. मग ते पुन्हा पेटी पुसू लागले. आजी भाकरी थापत राहिली. लहानपणी मला वाटलं, कोणी नाही म्हणालं नाही म्हणजे बरोबर आहे.

तसं पाहिलं तर मला लाज वाटत होती. वहीत सगळ्या पुरुषांची नावं होती. ज्या बाईला आपलं नाव लिहिता येत नाही तिचं नाव पुस्तकात कसं घालायचं, असं बाराव्या वर्षी मला वाटलं. समारंभात मास्तरांना त्या गीतासाठी शाल दिली. आजी बायकांच्या बाजूला, खांबामागे बसली होती. टाळ्या वाजवत होती.

म्हणून मला सही करता येत नाही, प्रभा. बारचं कारण खरं आहे, पण ते दुसरं कारण आहे. तुझ्या कागदावर जे नाव आहे ते माझ्या हाताने पडलेलं आहे. गुरजोतने त्या लेबलाचं सांगितल्यापासून मला झोप नीट लागत नाही.

पोरवयातली चूक होती. प्रभू पाहतो आहे.

बाबा


१८ सप्टेंबर

चि. प्रभा,

सलाम.

तू आजीला फोन केलास हे बरं केलंस. तिच्या खोलीचं दार लोटलेलं होतं, मी ऐकलं नाही. जेवायच्या वेळी आजी मला म्हणाली, "पोरगी म्हणते, आजी, तुझं नाव घालते. मी नको म्हणून सांगितलं."

मी म्हटलं, "का नको? गाणं तुझं आहे."

"चाळीस वर्षं मास्तरांचं होतं, आता मेल्यावर माझं कसं झालं?"

"तुझंच होतं, आई."

"मला माहीतय ना. तुला माहीतय. देवाला माहीतय. अजून कोणाला सांगायचं राहिलंय?"

तुझी आई म्हणाली, "आई, ती काळी थाळी दुकानात विकायला ठेवणार आहेत. त्यावर चुकीचं नाव नको."

"मग माझं घातलं की गावात काय म्हणतील? मास्तर खोटं बोलले म्हणतील. शाल घेतली म्हणतील. ते तर उत्तर द्यायला नाहीत. मी नवऱ्याला खोटं पाडणार नाही. कागद द्यायचा तर त्यांच्या नावाने दे, नाहीतर ते गाणं काढून टाका." मग भाताकडे बोट दाखवून, "आणि यात मीठ नाहीये."

म्हणजे आता असं आहे. गाणं तिचं, आणि ती जिवंत आहे. माझ्या सहीला अर्थच नाही, सही तिची पाहिजे. ती मास्तरांच्या नावाशिवाय देणार नाही, आणि त्या नावाने मला ते छापू देववत नाही. तुझ्याकडे बारा दिवस आहेत.

यातून सुटायला एक वाट आहे. ती मला चौदा वर्षांपासून माहीत आहे.

मागच्या पत्रात मी लिहिलं की ती पोरवयातली चूक होती. ते अर्धंच आहे.

२००९ च्या नोव्हेंबरमध्ये मास्तर नगरच्या दवाखान्यात होते. तू दहा वर्षांची होतीस, परीक्षा होती म्हणून तू आणि आई दिल्लीलाच होतात. शेवटच्या आठवड्यात एका सकाळी आजी खाली चहा आणायला गेली होती. मास्तरांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "गुणवंता, त्या पुस्तकात तिचं नाव घाल. गाणं तिचं आहे. मी नुसती पेटी वाजवली." मी हो म्हणालो. आजी चहा घेऊन आली, ते गप्प झाले. चार दिवसांनी गेले.

२०११ साली चर्चला शंभर वर्षं झाली आणि पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली. तिची प्रुफं मी तपासली. ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत. ते पान माझ्यासमोर होतं, हातात लाल पेन होतं. एक नाव खोडून दुसरं लिहायचं होतं. चर्चच्या पाळकांना दोन ओळी लिहायच्या होत्या. मी दोन शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त केल्या आणि पान उलटलं.

तेव्हा मी सदतीस वर्षांचा होतो. पोर नव्हतो.

का, ते खूपदा स्वतःला विचारलं. त्या शताब्दीला मास्तरांच्या आठवणी सांगायला मंडळीने मला बोलावलं होतं. भाषण त्या गाण्यापासूनच सुरू होत होतं. गावात मी सेक्शन ऑफिसर नव्हतो, मास्तरांचा मुलगा होतो. दिल्लीच्या मराठी मंडळीतही लोक मला त्यामुळेच ओळखतात. दर वर्षी मी ते गीत सुरू करतो. त्या बारमध्ये तुला 'माझ्या बापाचं गाणं' म्हणालो तेव्हा माझा आवाज एवढा का चढला, ते तुला आता कळेल. ज्या माणसाचं म्हणणं खरं असतं त्याला वायर ओढावी लागत नाही.

मास्तर जे बोलले ते मी आजीला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुस्तकात का घातलं नाहीस, हा पुढचा प्रश्न आला असता.

आज रात्रीच्या प्रार्थनेनंतर तिला सांगणार आहे. हे पत्र आधी लिहून ठेवतो, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

बाबा


२१ सप्टेंबर

चि. प्रभा,

सलाम.

सांगितलं.

मला वाटलं होतं ती म्हणेल, पुस्तकात का घातलं नाहीस. तिने ते विचारलंच नाही. दिवा बारीक केल्यासारखा तिचा आवाज झाला आणि म्हणाली, "कधी म्हणाले?"

मी दिवस सांगितला.

"मी कुठे होते?"

"चहा आणायला गेली होतीस."

"काय म्हणाले? तू सांगू नको. ते म्हणाले तसं सांग."

मी ते वाक्य सांगितलं. तिने पुन्हा सांगायला लावलं. मग ती पलंगावर भिंतीकडे तोंड करून निजली. तुझ्या आईने पांघरूण घातलं.

त्यानंतर आज तिसरा दिवस, ती माझ्याशी बोलत नाही. तुझ्या आईशी बोलते, कामवालीशी बोलते, खिडकीत येणाऱ्या कबुतरांना शिव्या देते. मी समोर आलो की काठी घेऊन आत जाते. काल मी तिच्या पायाशी जाऊन बसलो आणि म्हणालो, आई, मला क्षमा कर. ती तुझ्या आईला म्हणाली, "अरुणा, याला सांग, नाव घातलं नाही त्याचं मला काही नाही. सदतीस की किती वर्षं मी त्या पुस्तकाशिवाय जगले. पण ते असं म्हणाले होते हे मला माहीत असतं तर चौदा वर्षं मी सुखाने झोपले असते."

तुझी आई त्यानंतर स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी बाल्कनीत उभा होतो. समोरच्या सोसायटीत कोणाच्या तरी घरी गणपतीची आरती चालली होती. माझ्या तोंडात प्रार्थनेचा एक शब्द येत नव्हता. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

तुझ्या रेकॉर्डचं काय करायचं ते तिला विचारायचा मला धीर झाला नाही. त्यासाठी मी तुझी माफी मागतो. दिवस तुझे जात आहेत आणि चूक माझी आहे.

बाबा


१ ऑक्टोबर

चि. प्रभा,

सलाम.

मंगळवारी मी ऑफिसहून आलो तेव्हा टेबलावर चार कप होते आणि घरात सिगरेटचा नाही पण गर्दीचा वास होता. तुम्ही सगळे येऊन गेलात. मी सातला येतो हे तुला माहीत आहे, आणि तुम्ही सहाला निघालात हेही मला कळलं. त्यात काही चूक नाही. मुनिरक्याहून इथपर्यंत मेट्रो दोनदा बदलावी लागते. तू आलीस, ते खूप आहे.

काय झालं ते आईने सांगितलं. तू नवा कागद करून आणलास. आजीने चष्मा लावून तो सगळा तुझ्याकडून वाचून घेतला. तू विचारलंस, "आजी, नाव कसं लिहू? नुसतं चंद्रप्रभा?" तर ती म्हणाली, "नुसतं कसं? पूर्ण लिही. चंद्रप्रभा शांताराम साळवे. माझ्या नावात ते आहेतच ना मधोमध. त्यांना कुठे बाहेर काढायचंय?" मग गुरजोतला म्हणाली, "ऐ सरदार, मेरा नाम पूरा आता है क्या उस गोल में? नहीं आता तो गोल बड़ा करो." तो म्हणाला, "बीजी, आपके लिए अक्षर छोटे कर देंगे." ती म्हणाली, "छोटे मत करना. मेरे को दिखना चाहिए."

आणि तिने सही केली. ती सही तुझ्या आईने तिला शिकवली, मी नाही. हेही लिहून ठेवतो.

मी गावच्या पाळकांना पत्र पाठवलं आहे. त्यात सगळं लिहिलं, मास्तरांचं वाक्यही आणि माझं लाल पेनही. पुढच्या छपाईत नाव बदलावं आणि तोवर हे पत्र उपासनेत वाचून दाखवावं, अशी विनंती केली. प्रत सोबत जोडतो, ऑफिसची सवय. इथल्या मंडळीत आज मीच उभा राहून सांगितलं. पाच मिनिटं लागली. दोघंतिघं नंतर हात मिळवायला आले, भालचंद्रकाका आले नाहीत, मान वळवून गेले. ते मास्तरांचे विद्यार्थी. त्यांना वेळ लागेल. तू मागच्या बाकावर होतीस की नाही ते मी या वेळी वळून पाहिलं. नव्हतीस. तुमची तालीम होती असं आई म्हणाली.

तुला घरी ये असं मी लिहीत नाही. ते म्हणायचा हक्क मी त्या बारमध्ये घालवला. तुम्ही पुढे कुठेही वाजवा, हे गाणं म्हणा, लोकांच्या हातात काय आहे ते त्यांचं त्यांना बघू दे. ज्या बाईने ते केलं तिने परवानगी दिली आहे. माझी कोणी मागितलेली नाही, आणि ते बरोबर आहे.

आजी गुरुवारपासून माझ्याशी बोलू लागली. क्षमा केली असं म्हणाली नाही. रात्रीची प्रार्थना झाली की काठीने माझ्या खुर्चीला टोकते आणि म्हणते, "सांग." मी मास्तरांचं वाक्य सांगतो. ती ऐकते. मग काहीतरी विचारते. पहिल्या दिवशी विचारलं, मनगट धरलं ते कुठल्या हाताने? उजव्या, मी म्हणालो, डाव्याला सलाईन होतं. दुसऱ्या दिवशी विचारलं, आवाज स्पष्ट होता का? होता.

काल विचारलं, "मी नुसती पेटी वाजवली, असं म्हणताना हसले होते का?"

मी खूप आठवून पाहिलं. पलंग आठवला, खिडकी आठवली, हाताची पकड आठवली. चेहरा आठवेना. त्याच महिन्यात मी तिला सांगितलं असतं आणि तिने हे विचारलं असतं, तर मला नक्की सांगता आलं असतं.

हसले होते, असं म्हणणं सोपं होतं. तिला तेच ऐकायचं होतं.

मी म्हणालो, "आई, आठवत नाही."

तिने काठी पलंगाला टेकवली. मग म्हणाली, "बरं." आणि दिवा घालवायला सांगितला.

तुझे,
बाबा